पिन काढलेल्या अकरा काचा

काचेच्या भिंतीचा आमच्या साडूंइतका विचार केलेला माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नाही. या विधानाला माझ्याकडे पुरावा नाही. जन्मभर वर्तमानपत्रात बातम्या लिहिल्या, आणि पुरावा नसलेलं वाक्य सुरुवातीला टाकू नये असं हाताखालच्यांना सांगत आलो. तरीही ते टाकतो आहे, कारण ते खोडून काढायला कोणी पुढे येईल असं वाटत नाही. आपल्याकडे ज्यांच्या दुकानांना काचेची दर्शनी भिंत आहे ते तिचा विचार करत नाहीत, ती पुसून घेतात. साडू मात्र देऊळगाव राजात, बालाजीच्या देवळामागे दोन गल्ल्या सोडून, पत्र्याच्या एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून वर्षानुवर्षं काचेच्या भिंतीच आखत आले. पुण्यातलं एक ऑफिस त्यांना मोठमोठ्या इमारतींच्या फाइली पाठवायचं. इमारती उभ्या राहायच्या पुण्यात, हैदराबादला, एखादी समुद्रापलीकडे. त्यांतली एकही साडूंनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. आणि ज्या खोलीत हे काम चालायचं, तिच्या एकुलत्या एका खिडकीचं तावदान फुटलेलं होतं. तिथे साडीच्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला होता. नवी काच बसवायची तर कोणती, हे साडूंचं ठरत नव्हतं. सकाळचं ऊन, समोरच्या गिरणीतून उडणारं पीठ, गल्लीतून डोकावणारी माणसं, या सगळ्यांचा मेळ बसायचा होता. "जगाच्या काचा बसवते हा माणूस, आन घरात पुठ्ठा," असं माझी मेव्हणी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. साडू म्हणायचे, "पुठ्ठा तात्पुरता हाय." हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता नात शाळेत जाते.

त्यांचं काम नेमकं काय, हे समजून घ्यायला मला दोन दुपारी लागल्या. हल्ली मोठ्या इमारतीला बाहेरून विटांऐवजी काचेचं आवरण असतं. त्याला कर्टन वॉल म्हणतात. कॉम्प्युटरवर एक रेघ ओढली की ही भिंत तयार होते, आणि तिच्यात आडव्याउभ्या पट्ट्या पडून तीनचारशे काचेचे चौकोन आपोआप भरतात, सगळे एकसारखे. प्रत्येक चौकोनाला एक पिन टोचलेली असते, म्हणजे तो भिंतीच्या नियमाला बांधलेला असतो. एकच चौकोन बदलायचा असेल, तिथे उघडणारी खिडकी किंवा निराळी काच द्यायची असेल, तर त्याच्या कडेवर बाण न्यायचा आणि टॅबचं बटण दाबत राहायचं. आधी अख्खी भिंत उजळते, मग एखादी पट्टी, मग एखादी रेघ, आणि धीर धरला तर शेवटी तो एकटा चौकोन. मग त्याच्यावर पिनेचं बारीक चित्र दिसतं. त्याच्यावर टिचकी मारली की पिन निघते आणि तो चौकोन मोकळा होतो. पुन्हा मारली की तो निमूटपणे बाकीच्यांसारखा. ऑफिसातले लोक एका भिंतीत पाचदहा पिना काढत. साडू प्रत्येक काचेपाशी थांबून, हिची पिन काढावी की नाही, याचा स्वतंत्र विचार करत.

या टॅबची सवय त्यांच्या डाव्या करंगळीला जडली होती. समोर कॉम्प्युटर नसला तरी ती चालायची, गुडघ्यावर, डब्याच्या झाकणावर, एकदा तेराव्याच्या जेवणात शेजारच्या माणसाच्या मांडीवर. करंगळी चालू लागली की समजायचं, साडू मोठ्या गोष्टीतून लहान गोष्टीकडे निघाले. लग्न कसं झालं असं विचारलं तर ते म्हणत, "लगन चांगलं झालं," मग एक ठोका, "पोरीकडचे लोक बी चांगले," आणखी एक ठोका, "पोरीचा मामा जरा गप होता," आणि शेवटच्या ठोक्याला, "त्याचा बूट चावून राह्यला होता. डावा." मग त्या डाव्या बुटावर दहा मिनिटं. नवरा-नवरीची नावं त्यांना आठवत नसत. अशाच एका लग्नात ते पंगतीला बसले असताना वाढप्याला ओरडून म्हणाले, "त्या खांबाजवळच्या बुढ्याची पिन काढा!" वाढप्याने पुऱ्यांची टोपली खाली ठेवली आणि म्हाताऱ्याच्या धोतरात कुठे पिन अडकली आहे ते तो वाकून शोधू लागला. म्हातारा भडकला. साडूंचं म्हणणं एवढंच होतं की त्याला दात नाहीत, सगळ्यांना पुरी वाढताय तशी त्याला वाढू नका, भात वाढा.

सर्वांत जास्त राग त्यांना 'टिपिकल' या शब्दाचा. नकाशांमध्ये एका काचेवर हा शब्द लिहिला की बाकीच्या सगळ्या तशाच समजायच्या असतात. पुण्याच्या ऑफिसात त्यांना काका म्हणत आणि त्यांच्या फोनला भीत. एका दवाखान्याची भिंत आखताना त्यांनी फोन करून विचारलं की तिसऱ्या मजल्यावर उजवीकडून सातव्या काचेमागे कोण झोपणार आहे. पलीकडची बाई म्हणाली, "काका, ते वॉर्ड आहेत. ते टिपिकल आहे."

"म्याडम, टिपिकल पेशंट म्या आजून पाह्यला नाई. मंग टिपिकल काच कशी राहीन?"

सातवी काच शेवटी उघडणारी झाली. ती आजवर कोणी उघडली की नाही, हे सांगायला कोणी नाही.

या व्यवसायाची गावात कशी ओळख झाली, तेही नोंदवलं पाहिजे. आमच्या दोघांच्या सासूबाई बीबीला राहतात. धाकटे जावई काय करतात असं त्यांनी फार पूर्वी लेकीला विचारलं होतं. लेकीने सांगितलं, कर्टनचं काम. कर्टन म्हणजे पडदा, एवढं सासूबाईंना टीव्हीमुळे माहीत होतं. तेव्हापासून बीबीच्या बाजारात त्या अभिमानाने सांगत आल्या, "आमचे जवाई पडद्याचं काम करतात. पुण्याले जातात त्याहिचे पडदे." परिणाम व्हायचा तो झाला. तिथला एक बागायतदार नवं घर बांधून, खिडक्यांची मापं कागदावर लिहून थेट देऊळगाव राजाला आला. दुसरा कोणी असता तर हसून वाटेला लावलं असतं. साडूंनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला आणि कोणत्या खिडकीशी कोण बसतं हे विचारायला सुरुवात केली. संध्याकाळी तो माणूस सात खिडक्यांचे सात निराळे पडदे छापलेला कागद घेऊन गेला. सातव्या चौकटीत काहीच नव्हतं, फक्त लिहिलं होतं, "इथून बैल दिसतात. पडदा नको." मी साडूंना म्हटलं, सासूबाईंना एकदा खरं काय ते सांगून टाका. ते म्हणाले, "साडूभाऊ, सांगतो. पर भिंत दाखवल्याबिगर कसं सांगू? एक तरी आपल्या जवळपास उभी राहू द्या."

ती भिंत मेहकरला उभी राहायची होती. तिथल्या एका कापड व्यापाऱ्याने रस्त्यावर तीन मजली दुकान काढलं, काम पुण्याच्या त्याच ऑफिसला दिलं, आणि फाइल फिरत फिरत देऊळगाव राजाच्या पत्र्याच्या खोलीत आली. शेठजींना वरपासून खालपर्यंत निळी, आरशासारखी काच हवी होती. ऑफिसने कळवलं, टिपिकल आहे, दोन दिवसांत द्या. साडूंनी तीन आठवडे घेतले, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बसने जाता येईल अशी भिंत मिळाली होती.

ते गेले, आणि रिकाम्या हाताने गेले नाहीत. मेव्हणीच्या कपाटाचा आरसा बिजागरीतून सोडवून, चादरीत गुंडाळून, काखेत मारून निघाले. तिने दारातून विचारलं, "आरसा कुठी चालला?" "मेहकरले," ते म्हणाले. बसमध्ये गर्दी होती. कंडक्टरने सांगितलं, "काका, फुटला तं माह्यावर ढकलू नका." सिंदखेडराजाच्या पुढे चादर घसरली आणि तिथून सुलतानपूरपर्यंत तीन प्रवाशांनी त्यात बघून भांग पाडला. मेहकरला दुकानाचा सांगाडा तयार होता. त्याचं तोंड पश्चिमेला. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे एका जुन्या आवाराची उंच भिंत, आणि त्या भिंतीला पाठ लावून बसलेली भाजीवाल्या बायकांची रांग. दुपारनंतर सूर्य त्यांच्या पाठीमागे जातो आणि भिंतीची सावली त्यांच्यावर येते, म्हणून जागा ती. चार वाजता साडू पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर चढले, निळी काच जिथे बसायची तिथे आरसा उभा धरला, आणि बघत राहिले. आरशातून उडालेलं ऊन रस्ता ओलांडून सरळ बायकांच्या तोंडावर गेलं.

पहिली हाक वांगेवालीची आली. "कोन व्हय रे तो? काऊन डोयात मारून राह्यला बे?"

दुसरी म्हणाली, "पांढऱ्या केसाचा हाय वं! या वयात बायावर आरसा मारते!"

लोक जमले. साडूंना आरशासकट खाली उतरवण्यात आलं. त्यांनी वांगेवालीला हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, आज म्या मारून राह्यलो. उद्या हे दुकान मारीन. रोज." हे वाक्य कोणाला कळलं नाही. पण इतक्या गंभीर चेहऱ्याचा माणूस लबाड नसावा, असं ठरून त्यांना बस स्टँडपर्यंत पोचवण्यात आलं. त्यानंतरही ते दोनदा गेले. आरसा मात्र मेव्हणीने कपाटाला स्क्रूने कायमचा आवळून टाकला होता, म्हणून स्टीलचं ताट घेऊन गेले.

घरी येऊन त्यांनी हिशेब मांडला. भिंतीत दीडशेच्या आसपास काचा. त्यांतल्या अकरा अशा, की ज्यांचं ऊन दुपारच्या बाजाराच्या वेळेला नेमकं त्या रांगेवर पडणार. साडूंनी टॅब दाबत दाबत एकेक गाठून त्या अकरांची पिन काढली आणि तिथे दुधी काच दिली, बाहेरून खरबरीत, जिच्यावर ऊन पडलं तर तिथेच पसरून विझतं. शेठजींना दाखवायला ते स्वतः गेले. शेठजींनी चित्र दूर धरून पाहिलं.

"साहेब, हे थिगय लावल्यासारखं दिसते. माहा कपड्याचा धंदा हाय, थिगय मले चांगलं समजते."

"शेठजी, समोरच्या बायाच्या डोयावर..."

"बाया सरकून बसतीन. भिंत सरकन काय? एकसारखं निळं करा."

ऑफिसनेही तेच सांगितलं, पिना परत लावा. एका टिचकीचं काम होतं, अकरा टिचक्यांचं. साडूंनी त्या मारल्या आणि निळी भिंत तयार केली. पण दुधी काचांची फाइल त्यांनी पुसली नाही.

आता फाइलींच्या नावांकडे यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. या धंद्यात शेवटची फाइल कधीच शेवटची नसते. साडूंच्या फोल्डरमध्ये 'मेहकर फायनल', 'मेहकर फायनल नवं' आणि 'मेहकर फायनल पक्कं' अशा तीन निळ्या भिंती होत्या. चौथीचं नाव होतं 'मेहकर खरं'. त्यांच्या मनात त्याचा अर्थ, करायला पाहिजे होतं ते. ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीकडे अख्खं फोल्डर गेलं. तीन फायनलांवर तिचा विश्वास बसला नाही, आणि चौथ्या नावाचा अर्थ कोणाही मराठी माणसाने लावावा तोच तिने लावला. 'मेहकर खरं' जालन्याच्या काच बसवणाऱ्या कारागिराकडे रवाना झालं.

त्याचा फोन आला तेव्हा मी त्या खोलीत होतो. चहा नुकताच आला होता. साडूंनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, म्हणून पलीकडचं बोलणं मला शब्दशः आठवतं. "साहेब, मेहकरची फाइल भेटली. पण ह्याच्यात अकरा काचा दुधी दाखवल्यात. शेठ तर निळं म्हणत होते. एकदा भट्टीतून काढल्यावर मंग कापता येत नाहीत बरं का. काय करू, कापू का?"

कोणती फाइल गेली ते साडूंच्या लगेच लक्षात आलं. माझ्याही आलं. "थांबा, दुसरी पाठवतो," एवढं म्हटलं की प्रश्न मिटत होता. तसं म्हटलं नाही तर काय होईल हेही त्यांना माहीत होतं. पुण्याचं ऑफिस हाच त्यांचा एकमेव धंदा होता. करंगळी टेबलावर चालू झाली. तिने किती ठोके घेतले ते मी मोजले नाहीत, पण माझ्या कपातल्या चहावर साय धरली. मग ती थांबली.

"कापा," साडू म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, ही चूक समजायची की काय समजायचं? अशा प्रश्नांची मला सवय आहे, उत्तरांचीही. त्यांचं उत्तर मात्र मी लिहून ठेवलं. "नाव चुकलं ते चूक, साडूभाऊ. कापा म्हनलो ते चूक नाई."

त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. त्या नव्या मुलीचा उल्लेख केला नाही. नाव आपल्या हातून तसं पडलं, आणि कारागिराने विचारलं तेव्हा आपणच कापा म्हणालो, एवढं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे, काका." पुण्याच्या 'ठीक आहे'चा अर्थ मला माहीत होता, साडूंनाही असावा. त्यानंतर तिकडून एकही फाइल आली नाही. मेहकरात काचा पोचल्या तेव्हा शेठजींनी आकांत केला. पण लग्नसराई तोंडावर होती आणि नव्या काचा यायला वेळ लागणार होता, म्हणून आहेत त्या बसल्या. साडू आता गावातल्या लोकांच्या तीन खोल्यांच्या घरांचे नकाशे काढतात. कोणत्या खिडकीशी कोण झोपणार हे विचारतात, आणि लोक त्यांना लवकर करा म्हणतात.

भिंत पुरी झाल्याचं कळल्यावर आम्ही मेहकरला गेलो. वाटेत बीबीला सासूबाई बसमध्ये चढल्या. जावयाचे पडदे बघायचे म्हणून त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी साडूंकडे पाहिलं. आज खरं सांगावं लागणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

चार वाजता ऊन काचांवर आलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला उभ्या असलेल्या जीपांच्या टपांवर लख्ख चौकोन पडले. भाजीवाल्यांच्या रांगेवर पडले नाहीत. साडू भिंतीकडे पाठ करून उभे होते. जन्मात पहिल्यांदा स्वतःची भिंत बघायला आलेला माणूस सातआठ बायकांच्या तोंडांकडे बघत होता. वांगेवालीपुढे आज मेथी होती. तिने त्यांना ओळखलं नाही.

"नुसतं काय पाहून राह्यले, भाऊ? मेथी घ्या."

"मावशी, दुपारी ऊन लागते का इथं?"

"ऊन? इथं कायचं ऊन? सावलीची जागा हाय हे. पयल्यापासून."

साडूंनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. हा नियम मी जन्मभर पाळला. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा अपुरा वाटला.

सासूबाई एवढा वेळ डोळ्यांवर पदर धरून वर बघत होत्या. त्या म्हणाल्या, "जवाईबापू, हे निळे तं आरसे हायेत. पडदे ते मधातले पांढरेच नं?"

मेथीच्या जुडीवर चालू असलेली करंगळी थांबली.

"हाव मामी," साडू म्हणाले. "तेवढेच."

"बरे लावले. नाई तं या बायाच्या तोंडावर उन्हाची तिरीप आली असती."

परतीच्या बसमध्ये साडू खिडकीशी बसले होते. बीबी आली तेव्हा मी सासूबाईंना उतरवून दिलं. थांब्यावर ओळखीची एक बाई होती. तिने विचारलं, कुठी गेलत्या? सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मेहकरले. जवायानं लावलेले पडदे पाहून आली." खिडकी उघडी होती, साडूंना ते ऐकू गेलं. त्यांनी नेहमीसारखंच दुरुस्त केलं नाही. या वेळी दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.